सासऱ्यांची झोप आणि माझा इन्व्हर्टर

विजेचं काम मला चांगलं जमतं, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरातली प्रत्येक ट्यूब मीच बदलली आहे आणि एकदा तर डोअरबेलसुद्धा दुरुस्त केली होती. ती नंतर कोणी दाबली नाही तरी वाजायची, पण वाजायची! म्हणूनच एका रविवारी सासुरवाडीला जेवता जेवता मी जाहीर केलं की नानांच्या नावेत वीज आणायची जबाबदारी माझी.

नाना म्हणजे माझे सासरे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आठ वर्षं खपून स्वतःच्या हातांनी एक नाव बांधली. आत दोन माणसांना झोपता येईल एवढी केबिन. सासूबाईंना घेऊन तीन दिवस नदीतून फिरून यायचं, एवढीच त्यांची हौस. आणि नाव पाण्यात उतरली त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत नानांचा श्वास अडकतोय. नाकाला मास्क लावून मशीन चालू केल्याशिवाय डुलकीसुद्धा काढायची नाही. आता नावेत कुठली आलीय वीज? नानांनी चार दिवस विचार केला आणि नावेला गिऱ्हाईक शोधलं. ते पुढच्या रविवारी चार वाजता येणार होतं. हे सांगताना नानांनी ताटातून मान वर केली नाही. मला ते बघवलं नाही, खोटं कशाला बोलू.

"रविवारी दुपारी तुम्ही नावेत झोपाल," मी म्हणालो. "विजेचं माझ्यावर सोडा."

सोमवारी इन्व्हर्टरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, लोड किती? म्हणजे नावेत काय काय चालवणार? श्वासाचं मशीन, एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण काम करायचं तर नीट करावं, म्हणून मी घरी आणि सासुरवाडीला सगळ्यांना विचारून यादी केली. सासूबाई म्हणाल्या, एवढं करताच आहात तर मिक्सरचंही बघा. मेहुण्याला इस्त्री हवी होती. तो राहायला वेगळा आणि नावेतूनही जाणार नव्हता, पण सासुरवाडीत जावयाच्या तोंडून 'नाही' कसं निघणार? फक्त बायकोने विचारलं, "तू हे नानांसाठीच करतोयस ना?" मी तिचा हेअर ड्रायर यादीत घालून तिलाही गप्प केलं.

यादीची बेरीज बघून दुकानदाराचा चेहरा उजळला. त्याने एक भलामोठा इन्व्हर्टर काढला. तो चालवायला चार बॅटऱ्या काढल्या. आणि त्या चार एका दिवसात भरायच्या तर हाच लागेल, असं म्हणत एक चार्जर काढला, जो काढताना त्यालाच घाम फुटला. बुधवारी हे सगळं हातगाडीवर घालून मी सासऱ्यांच्या दारात पोचलो, तेव्हा नाना बाहेरून परत येत होते. स्वारी खुशीत होती, एक हात पिशवीत होता. त्यांनी हातगाडी पाहिली, हात तसाच रिकामा बाहेर काढला आणि म्हणाले, "छान केलंत."

रविवारी सकाळी सगळं नावेत चढवलं. चारही बॅटऱ्या डाव्या बाकाखाली बसल्या आणि नाव डावीकडे कलली. इन्व्हर्टर उजवीकडे सरकवला, तरी कललेलीच. मग मेहुण्याला उजवीकडे बसवलं, तेव्हा कुठे ती सरळ झाली. म्हणजे आता मेहुण्याला तिन्ही दिवस सोबत नेणं भाग होतं. इस्त्रीचा प्रश्न असा परस्पर सुटला! नाना धक्क्यावर उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "छान."

मग मी चार्जर धक्क्यावरच्या प्लगला लावला आणि बटण दाबलं. फट्! पाण्याचा पंप, चहावाल्याचा फ्रीज आणि तिकीटखिडकीतला पंखा एकाच क्षणी बंद पडले. चारी बाजूंनी माणसं बाहेर आली. मी चार्जरच्या पुढे उभा राहून शांतपणे नदीकडे बघू लागलो. पण चार्जर माझ्यापेक्षा रुंद होता.

धक्क्यावरच्या वायरमनबाई फ्यूज बदलून आल्या आणि त्यांनी नावेत डोकावून पाहिलं. चालवायचंय काय, असं त्यांनी विचारल्यावर मी यादी वाचायला घेतली. मिक्सरपाशीच त्यांनी मला थांबवलं.

"ज्याच्याशिवाय अडेल असं काय आहे?"

"सासऱ्यांचं श्वासाचं मशीन."

त्यांनी मशीन हातात घेतलं, उलटं करून खालची चिठ्ठी वाचली आणि मलाही वाचायला लावली. ते मशीन सरळ बॅटरीवर चालत होतं! इन्व्हर्टरची गरजच नव्हती. एक बॅटरी, ती भरायला एक लहान चार्जर आणि मशीनची बॅटरीला जोडायची खास वायर, बस्स. पण ती वायर मशीनच्या दुकानातच मिळते, आणि रविवारी ते बंद असतं.

दीड वाजला होता. चारला गिऱ्हाईक येणार होतं, आणि नानांची आठ वर्षं माझ्या मिक्सर-इस्त्रीपायी दुसऱ्याच्या हवाली होणार होती.

तेवढ्यात नाना खाकरले. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक वायर काढली. कोरी, पाकिटातली.

"बुधवारीच आणली," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तुम्हाला दाखवणारच होतो. पण तुम्ही हातगाडी घेऊन दारात उभे. जावयाचा एवढा उत्साह, मधेच कसं बोलायचं?"

"अहो, नाव गेली असती!"

"चारपर्यंत धीर करून बोललो असतो," नाना म्हणाले. "बहुतेक."

वायरमनबाईंनी दुकानातून अर्धी भरून आलेली एक बॅटरी ठेवून बाकी सगळं उतरवायला लावलं. मेहुणाही उतरला. नाना आत आडवे झाले, मास्क लावला आणि मशीन बारीक आवाजात सुरू झालं. आम्ही सगळे धक्क्यावर ओळीने बसलो आणि केबिनच्या खिडकीतून नानांची छाती वरखाली होताना बघत राहिलो. बायकोने माझा हात धरला होता. एवढा आनंद मला स्वतःच्या झोपेचाही कधी झाला नव्हता.

गिऱ्हाईक चारच्या ठोक्याला आलं. सासूबाई पुढे झाल्या आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू बोला, मालक झोपलेत. नाव विकायची नाही."

साडेचारला नाना बाहेर आले. गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ होते आणि चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. मंगळवारी निघायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मग माझ्याशेजारी येऊन बसले.

"आता तोंड उघडलंच आहे, तर बाकीचंही सांगून टाकू का?"

मी म्हटलं, सांगा ना नाना, मोकळेपणाने सांगा.

"स्वयंपाकघरात तुम्ही लावलेली फळी उतरती आहे. सहा वर्षं बरण्या घसरताहेत. न्हाणीघरात गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येतं. आणि माळ्याचं दार तुम्ही बसवल्यापासून आम्ही माळ्यावर गेलेलो नाही."

मला वाईट वाटलं, पण त्यांचं मन हलकं झालेलं बघून बरंही वाटलं. मी लगेच म्हणालो, "तीन दिवस घर रिकामंच आहे. किल्ली देऊन जा. तुम्ही परत येईपर्यंत सगळं ठीकठाक करून ठेवतो."

नानांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ प्रेमाने मिटली.

"फक्त झाडांना पाणी घाला," ते म्हणाले. मग थोडं थांबून, आता अजिबात न लाजता म्हणाले, "तांब्याने. पंप लावू नका."