दिगूमामा आणि पात्यांची सोयरीक

दिगूमामा समोरच्याला 'बरं हाय का?' असं विचारत नसत. आधी त्याचा गाल पाहत, मग मान वाकडी करून हनुवटीखालचा भाग पाहत आणि विचारत, "पातं कोणतं?" आखाडा बाळापुरात नवा आलेला माणूस या प्रश्नाने दचकायचा. जुना माणूस पात्याचं नाव सांगून वाटेला लागायचा. थांबला तर पुढचा प्रश्न येणार, हे त्याला माहीत असायचं. "अन् मशीन?"

खत-बियाण्यांचं दुकान मुलाच्या हाती देऊन मामा मोकळे झाले होते. मी शेजारी भाड्याने राहत होतो. मधली भिंत बुटकी असल्याने मामांची दाढी मला रोज पाहावी लागे. ओसरीत खिळ्याला आरसा, खाली पाट, पाटावर पितळी वाटी, तुरटीचा खडा आणि फडक्यावर ओळीने मांडलेली दाढीची मशीनं. त्यांत दोन्हीकडून धार असलेलं पातं बसतं. काही मशीनं तीन तुकड्यांत सुटायची. काहींची दांडी पिळली की कपाटाची दारं उघडावीत तशी वरून उघडायची. एक हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं होतं. त्याने दाढी होत असे याला पुरावा नाही, पण नारळ फुटला असता.

गुळगुळीत दाढीचं मामांचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "मशीन म्हणजे सासू, पातं म्हणजे सून. सासू कडक तं सून गरीब पाह्यजे, सून तिखट तं सासू गरीब. दोघी तिखट आल्या की मधात गाल मरतो बराबर."

"आणि दोघी गरीब असल्या तर?" मी एकदा विचारलं.

"मंग घरात कामच होत न्हाई. दाढी हाय तशी राह्यते."

डोंगरकड्याला एका लग्नात त्यांनी वरात थांबवल्याचं दोन माणसांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचा तपशील जुळला. मामांनी घोड्याचा लगाम धरला आणि नवरदेवाला विचारलं, "गळ्यापाशी उलटं ओढलं का?" नवरदेव खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "व्हय." बँडवाले वाजवायचे थांबले होते, कारण उत्तर त्यांनाही ऐकायचं होतं.

धोंड्याच्या महिन्यात जावई आले. जावयाला या महिन्यात पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. मामांनी आधी दाढीचा आग्रह धरला. जावई शिक्षक, स्वभावाने गरीब. ताटावर बसले तेव्हा त्यांच्या दोन्ही गालांना वर्तमानपत्राचे तुकडे चिकटलेले होते. एका तुकड्यावरचा तुरीचा भाव स्पष्ट वाचता येत होता.

"आवो, जावयाला जेवायला बोलावलं का सोलायला?" मामींनी विचारलं.

"माही चूक न्हाई. सासूच कडक निघाली."

यातली सासू म्हणजे मशीन, हे मामींना पटवून देण्यात मामांची संध्याकाळ गेली.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. पुढे एक गोष्ट जुळेना. चांगली जोडी सापडली की मामा ती दुसऱ्याला देऊन टाकत. पोस्टमनला दिली, देवळाच्या पुजाऱ्याला दिली. वारंगा फाट्यावरच्या एका ट्रकवाल्याला तर त्याच्या दाढीची दया येऊन दिली. गावात गाल चकचकीत होत चालले होते आणि मामांच्या स्वतःच्या तोंडावर रोज नव्या जखमा असत. मग एका सकाळी मी भिंतीवरून नीट पाहिलं. गालाला मशीन लावल्यावर मामा उजवा हात मुद्दाम थरथरवत होते. रक्त निघालं की पातं काढत, दुसरं लावत आणि पुन्हा थरथरवत.

मी मामींना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आता तुमाला काय सांगावं? ते गंगारामभाऊ हायेत नं."

गंगाराम मामांचा बालमित्र. स्टँडमागे त्याचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. मामांची पहिली दाढी त्यानेच केली, आणि त्यानंतरची प्रत्येक. मग गंगारामचा हात थरथरू लागला. नांदेडच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, थरथर राहिली. एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली वस्तरा लागला, त्या दिवशी गंगारामने दुकान बंद केलं. स्टँडवर नवी सलूनं निघाली, गिऱ्हाईक तिकडे वळलं. गंगाराम घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला.

"धड जेवत बी न्हाईत," मामी म्हणाल्या. "कोणासंगं बोलत न्हाईत. ह्यांला वाटतं, हालत्या हाताला बी कापणार न्हाई अशी जोडी घावली, तं ते उठतील. न्हाई तं तो माणूस तसाच भिंतीकडं पाहत जाईल म्हण्तेत. म्हणून सोताचं थोबाड नांगरून राहिले."

जोडी सापडायला पावसाळा उलटला. त्या सकाळी मामांनी हात भरपूर थरथरवला. दाढी अर्धी राहिली, रक्त मात्र आलं नाही. सासू गरीब होती आणि सून तिच्याहून गरीब. मामांनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि मला म्हणाले, "चला. आरसा धरायला माणूस लागतं."

गंगाराम ओट्यावरच्या बाजेवर पडलेला होता.

"गंग्या, ऊठ. दाढी करायची."

"स्टँडवर जाय," गंगाराम भिंतीशी बोलला. "तिथं पोट्टे हायेत."

"त्या पोट्ट्यांच्या हाती मान देऊ? काहून, मला लेकरंबाळं न्हाईत?"

"दिग्या, माहा हात पाह्यला का तू?"

"पाह्यला. मशीननं कर."

गंगाराम उठून बसला. "मशीननं? आमच्या घरात? माहा बाप सरणावरून उठंल!"

"उठला तं त्याची बी कर."

गंगाराम हसला नाही. त्याने मशीन घेतलं, खोललं, पात्याची धार अंगठ्याला लावून पाहिली. "हे पातं हाय का पत्रा? ह्यानं लोणी बी कापायचं न्हाई."

"म्हणून तं आणलं."

गंगारामने पहिल्यांदा मामांच्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन बोटांनी हनुवटी धरून ते उजेडाकडे वळवलं. गालावर जुने व्रण होते, त्यांवर नवे होते. त्याची बोटं एकेका व्रणावरून थरथरत गेली.

"हे कोणी केलं?"

"मीच."

"काहून?"

मामा आरशाच्या मागे, माझ्याकडे पाहू लागले. मी दुसरीकडे पाहिलं.

"गाढव हाय तू," गंगाराम म्हणाला, आणि घरातल्या सुनेला हाक मारून गरम पाणी मागितलं.

फेस गालांना लागला, नाकाला लागला, एका कानात गेला. गंगारामने मशीन उचललं. ते हवेत नाचू लागलं.

"मान वर कर. हालू नको."

"मी कुठं हालून राहिलो? तूच हालून राहिला."

"गिऱ्हाइकानं बोलायचं नसतं," गंगाराम म्हणाला. त्याने डाव्या हाताने मामांचं डोकं आपल्या छातीशी घट्ट आवळलं आणि मशीन गालाला लावलं.

दाढी उरकली तेव्हा ऊन ओटा सोडून गल्लीत उतरलं होतं. रक्त कुठे आलं नव्हतं. खुंट मात्र जागोजाग होते आणि मिशीचा डावा भाग थोडा गेला होता. मामांनी गालावरून हात फिरवला. खरखर मला ऐकू आली.

"झ्याक झाली," मामा म्हणाले. "उद्या कवा येऊ?"

गंगाराम मशीन धूत होता. त्याने मान वर केली नाही.

"सकाळीच ये. मंग गर्दी व्हते."