फोटो आलाय, माणूस यायचाय

बारामतीच्या एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत एक म्हातारा माणूस येतो, कॉम्प्युटरकडे पाठ करून उभा राहतो, धोतराचा सोगा खोचतो, कमरेत वाकतो आणि स्वतःच्या दोन पायांमधून पडद्याकडे बघतो. हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते अजून विसरलेले नाहीत. मी तर शेजारच्याच खुर्चीत होते आणि या गृहस्थांची-आपली ओळख नाही, असा चेहरा करून की-बोर्डावरची अक्षरं मोजत होते.

ओळख होती. त्यांना तिथे घेऊन गेले होते मीच.

तात्या म्हणजे आमच्या गल्लीतले फोटोग्राफर. मूळचे अंथुर्ण्याचे, घरची मेंढरं. लहानपणी कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखायचे, म्हणून पुढे माणसांची तोंडं अवघड गेली नाहीत, असं स्वतःच सांगत. वर हेही सांगत, "मेंढरू कधी मान ताठ धरत न्हाय. तेचा फोटो झकास येतो."

त्यांचा कॅमेरा तीन पायांवरचा, लाकडी पेटीचा, जुना. मागच्या काचेवर समोरचा माणूस दिसायचा तो खाली डोकं, वर पाय. काळं फडकं डोक्यावर घेऊन तात्यांनी चाळीस वर्षं बारामती तालुका असा उलटा बघितला. पणदऱ्याची, पिंपळीची, सगळीकडची पोरं दहावीच्या फॉर्मचा फोटो काढायला त्यांच्याकडे यायची. त्यामुळे झालं काय, की सुलटा माणूस बघून तात्यांना काही कळेनासंच झालं. कुठलाही फोटो हातात दिला की आधी उलटा धरायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे. निकाल बहुतेक वेळा एकच असायचा, "फोटो आलाय. मानूस यायचा राह्यलाय."

माझ्या पासपोर्टच्या फोटोवरही हाच निकाल लागला होता. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, हायस्कूलात इंग्रजीची बाई. साऱ्या तालुक्यात खरं इंग्रजी मला एकटीलाच येतं, असा माझा पक्का समज होता. वर्गात छत्रीला छत्री म्हणायला मला लाज वाटायची. आज माझ्या नाती ते इंग्रजी ऐकून तोंडात ओढणी कोंबतात, पण तेव्हा तोंडात कोंबायला माझ्यासमोर फक्त खडू होते आणि मुलं मला भीत होती.

अशी मी कॉम्प्युटर शिकायला निघाले. सुट्टीत आलेल्या भाच्याने एक साइट दाखवली. अमेरिकेत म्हणे शाळेचं शेवटचं वर्ष आलं की प्रत्येक मुलाचा एक मोठा फोटो काढतात. फॉर्मसाठी नव्हे, उगीच, हौसेने. या साइटवर अशा फोटोंची स्पर्धा होती आणि जगातल्या कोणीही त्यावर मत लिहावं, अशी सोय होती. टायपिंगचा सराव होईल आणि अमेरिकेला माझं इंग्रजी कळेल, असा माझा दुहेरी हेतू. पण फोटोतलं मला काय कळतंय? म्हणून तात्यांना म्हटलं, चला. तुम्ही सांगा, मी लिहिते.

पहिल्याच दिवशी वर सांगितलेला प्रकार झाला. पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आम्ही पुन्हा गेलो तर कॅफेच्या मालकाने, अशोकने, मॉनिटरच उलटा करून ठेवला होता. तात्यांनीच आणलेली घोंगडी घडी करून खाली घातली होती. अशोकच्या दहावीचा फोटो तात्यांनी काढलेला, लग्नाचाही. नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. उलटा केल्यावर पडद्याचे कोपरे जांभळे दिसायला लागले. तात्या न्यायाचे. म्हणाले, "ह्यो दोष यंत्राचा हाय, पोरांचा न्हाय. ह्ये लिवू नका." त्यांचं बघून झालं की अशोक मॉनिटर सुलटा करायचा आणि मी लिहायला बसायचे.

एक फोटो पडद्यावर उतरेपर्यंत चहा संपायचा. मग तात्या बोलायचे. एक मुलगा चकचकीत मोटारीला टेकून उभा. तात्या म्हणाले, "मोटार झकास आलीया. शेजारी कोन हुबं हाय ते बी इचारा." मी लिहिलं, गाडीमुळे रचनेला समृद्धी आली आहे. एक मुलगी झाडाला पाठ लावून उभी. "टेकवलीया का बांधलीया? सोडा म्हनतंय तोंड तिचं." मी लिहिलं, निसर्गाशी असलेलं नातं मनाला भिडतं. एक मुलगा हनुवटीखाली मूठ धरून दूर बघत होता. "दाढ दुखतीया तेची. आदी डाक्टरकडं न्या म्हनावं." मी लिहिलं, मुद्रा चिंतनशील आहे.

असं बदलून लिहिण्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. उलट देशाची अब्रू माझ्या दहा बोटांवर तोललेली आहे, असं वाटत होतं. खरं तर दहा नाही, दोनच बोटांवर. बाकीची आठ नुसती सोबतीला. आठ दिवसांनी उत्तरं यायची. सगळे आभार मानायचे. भारतातल्या बाई किती प्रेमळ, असंही एकाने लिहिलं. ते मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा वाचून दाखवलं.

तात्यांना मात्र नवल वाटायचं. "येवडं बोललो तरी धन्यवाद? बाई, मानसं गुनाची हायती." मग ते मंडईत, सलूनमध्ये, दत्ताच्या देवळासमोर, भेटेल त्याला अमेरिकेची सहनशीलता समजावून सांगायचे. तोंडावर खोट काढली तरी हसून ऐकतात, आपल्या लोकांना हे जमत नाही, म्हणायचे. आणि एवढं बोलून अचानक गप्प व्हायचे.

ते का गप्प व्हायचे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. घराच्या पुढच्या खोलीतल्या स्टुडिओत स्टुलामागच्या भिंतीवर त्यांनी काढलेले दहावीचे फोटो ओळीने लावलेले होते. तेल लावून चप्प केलेले भांग, दोन वेण्या, अशोकचे उभे कान. मधोमध एक खिळा रिकामा होता. तो खिळा मंगलचा.

मंगल त्यांची एकुलती मुलगी. तिची दहावी आली तेव्हा फॉर्मचा फोटो काढायला बापाने सकाळी तिला स्टुलावर बसवलं. मान वर, मान खाली, हनुवटी आत, खांदा सैल. अकरा वेळा तात्या काळ्या फडक्याखाली गेले आणि अकरा वेळा फोटो न काढताच बाहेर आले. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. दुपार झाली तशी मंगल उठली, डोळे पुसले, समोरच्या स्टुडिओत गेली आणि दोन मिनिटांत फोटो काढून आली. तेव्हापासून ती बापाच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. लग्नाचे फोटोसुद्धा त्या समोरच्यानेच काढले आणि तात्या मांडवात अक्षता मुठीत धरून बघत राहिले. दिली होती इंदापूरला, म्हणजे एसटीने दोन तासांवर. जावई एसटीतच कंडक्टर. ती दिवाळीला यायची, पुरणपोळी करायची, बापाच्या पाया पडायची. कॅमेऱ्यावरचं फडकं हललं की स्वयंपाकघरात जायची. पण दर दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या खिळ्यावरची धूळ पुसलेली असायची.

असं सगळं चाललेलं असताना एका शनिवारी पडद्यावर एका मुलीचा फोटो उतरला. पायरीवर बसलेली, केस मोकळे, अंगावर निळा स्वेटर. बापाने काढला होता, तसं खाली लिहिलं होतं. मला तर बक्षिसाचाच वाटला. तात्यांनी तो उलटा बघितला, एक डोळा मिटला.

"ह्या मानसाला इचारा," ते म्हणाले, "किती येळ बसवली हिला? पोरगी रडून आलीया."

मी लिहिलं, डोळे फार बोलके आहेत.

आठ दिवसांनी उत्तर आलं. आभारी आहे, तिचे डोळे तिच्या आजीवर गेले आहेत. मी ते तात्यांना मराठीत सांगितलं.

"आन रडण्याचं काय म्हनला?"

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

"मी इचारलं हुतं न्हवं? पुन्यांदा इचारा. मला उत्तर पायजे."

मी पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. अशोक उगीच कुठली तरी वायर तपासायला टेबलाखाली गेला. शेवटी सांगितलं. हेच नाही, सगळंच. मोटार, झाड, दाढ. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, पण गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी पायाच्या अंगठ्याकडे बघून बोलत होते.

तात्या रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. घोंगडीची घडी सारखी करत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तिकडची मानसं बी आपल्यागतच हायती म्हना की."

मग म्हणाले, "आता इचारा. मी बोललो तसंच."

तसंच विचारलं. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. माझं नाव आता प्रेमळ बायांच्या यादीतून जाणार, याची खात्री होती. पण उत्तर आलं ते लांबलचक. त्या माणसाने लिहिलं होतं, तुम्ही कसं ओळखलंत? उजेड मनासारखा मिळेना म्हणून मी तिला तासभर बसवलं, वाट्टेल ते बोललो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मीच तिच्या खोलीच्या दारात जाऊन माफी मागितली.

मी वाचून दाखवलं, या वेळी शब्दाला शब्द.

"कुनी मागितली?" तात्यांनी विचारलं.

"बापाने."

"पोरीची?"

"हो."

तात्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. म्हणाले, "बाई, एक पत्र लिवायचं हाय. मंगलला. मी बोलतो, तुमी तुमच्या पद्धतीनं बदलून लिवा. माझं बोलनं लागतं मानसाला."

अशोकने वहीतला कागद फाडून दिला. तात्या भिंतीकडे तोंड करून सांगायला लागले.

"मंगल, तुजी मान तवा बी ताठ हुती, आत्ता बी हाय. ती माज्यावर गेलीया. पर त्या दिवशी खोट मानंत न्हवती. फडक्याखाली जो हुबा हुता तेच्यात हुती. अकरा येळा तू बरूबर बसली हुतीस. फोटू काढला की फारम जानार, फारम गेला की दहावी, दहावी झाली की स्थळं येनार, आन तू जानार. म्हनून मीच खोट काडत बसलो. खिळा अजून हाय. आलीस तर स्टुलावर बस. बसायचं नसंल तरी ये."

माझ्या हातातल्या पेनाला शुद्धलेखनाची सवय. पण मी एक काना-मात्रा बदलला नाही. तात्यांनी वाचायला सांगितलं तेव्हा वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, "ह्ये तर मी बोललो तेच हाय." मी म्हटलं, "तात्या, याहून गोड मला लिहिता येत नाही." आपल्याला काही लिहिता येत नाही, अशी इंग्रजीच्या बाईने आयुष्यात दिलेली ही पहिली कबुली.

पत्र स्टँडवर जाऊन जावयाच्याच हातात दिलं. त्याने ते तिकिटांच्या पेटीत ठेवलं आणि इंदापूरच्या गाडीची घंटी मारली.

पुढच्या शनिवारी मंगल आली. मी काही तरी निमित्त काढून स्टुडिओत बसलेच होते; लाज असती तर घरी गेले असते. तिने पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि थेट स्टुलावर जाऊन बसली. तिशी ओलांडलेली बाई, पण बसली दहावीतल्यासारखी, हात गुडघ्यांवर ठेवून.

"मान कशी धरू, तात्या?"

"तुजी हाय. तुला पायजे तशी धर."

तात्या फडक्याखाली गेले. फडकं थरथरत होतं. मंगलने एकदा माझ्याकडे बघितलं, मग फडक्याकडे, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की मी भिंतीवरच्या अशोकचे कान बघायला लागले. तेवढ्यात खटका वाजला. एकदाच.

फोटो धुऊन आला तो बिघडलेला. मागच्या भिंतीवरचा रिकामा खिळा डोक्यासकट लख्ख दिसत होता, अशोकचा कान न् कान स्पष्ट, आणि त्यांच्या पुढे बसलेली मंगल धुक्यातून आल्यासारखी अंधुक. भरल्या डोळ्यांनी फोकस जुळवला की दुसरं काय होणार? मी सवयीने बोलायला गेले की, एक प्रकारचा तरल मृदूपणा—

"बाई, इंग्रजी नको," तात्या म्हणाले.

मंगलने फोटो घेतला, उलटा धरला, एक डोळा मिटला. अगदी बापासारखा.

"फोटो न्हाय आला, तात्या."

"न्हाय आला," तात्या म्हणाले. "दुसरा काढू?"

"काढा की. दुपारच्या गाडीनं जायचं कुनाला हाय?"

दुसरा निघाला, तिसराही निघाला, चांगले निघाले. ते तिने इंदापूरला नेले. खिळ्यावर मात्र तात्यांनी तो पहिलाच लावला, आणि लावला तो उलटा. गिऱ्हाईक आलं की सांगायचं, तात्या, फोटो उलटा लागलाय. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. मला रोज बघायचा असतो."

आता माझ्या नाती मला मोबाइलवर फोटो पाठवतात आणि विचारतात, आजी, कशी दिसते? मी मोबाइल उलटा धरते, तर तो मेला लगेच फोटो सुलटा करून दाखवतो. मग मी तो टेबलावर ठेवते, हात लावत नाही, आणि गुडघे धरत धरत स्वतःच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहते. एक डोळा मिटते. नाती हसतात. आणि मग मला जे दिसतं ते मी त्यांना सांगते, शब्द न बदलता.