निकाल अन्वरचाचा लावतात

आमच्या शेजारचे अन्वरचाचा ऐन निकालाच्या वेळी टीव्हीचा आवाज बंद करतात आणि निकाल स्वतः जाहीर करतात.

त्यांची आणि आमची भिंत एकच आहे, आणि तीही नावालाच भिंत. रोज संध्याकाळी मला ऐकू येतं. आधी ढोल, मग आणखी ढोल, मग परीक्षकाचा घशात अडकलेला आवाज, "आज या स्पर्धेतून घरी जाणार आहे..." आणि तिथंच टीव्हीची वाचा बसते. मग चाचांचा आवाज येतो, गादीत कापूस ठासावा तसा ठासून, "कोणीच नाई जाऊन राह्यलं! सगळे पास!"

चाचांचं आमच्या गावात, वरवट बकालात, गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. सकाळी तिथं माणसं जमतात ती गादी भरायला कमी आणि चाचांना चिडवायला जास्त.

"चाचा, ते भंडाऱ्याची पोरगी तं काल गेली ना घरी! रडत रडत गेली."

"तुमच्या टीव्हीत गेली असन," चाचा दाभण चालवत म्हणतात. "माह्या टीव्हीत हाये अजून. काल तिनं खीर केली होती. एक नंबर."

"अन् मालिकेतली ते सून विहिरीत पडली ते?"

"कायले पडन? विहिरीले कठडा हाये. मीच बांधून घेतला."

गाव हसतं. मी हसत नसे. चिखलीला शिकायला होते तेव्हापासून मी पत्रकं लिहिते आणि वाटते, म्हणून गाव मला 'लीडर' म्हणतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की या पेटीनं आपल्या संध्याकाळी चोरल्या आहेत. सातला लागते ती शाळेची मालिका. काय ती शाळा! भिंतीला एक पोपडा नाही, बाकावर एक खिळा वर आलेला नाही, मुली केस मोकळे सोडून वर्गात बसतात आणि सर फळ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघतात. इतके महिने झाले, त्या शाळेत गणिताचा एकही तास झालेला नाही. आमच्या गावच्या शाळेत तरी कुठं होतो म्हणा, पण निदान आमच्याकडे मागून वाद्यं वाजत नाहीत. आठला सासू. ती एक वाक्य बोलते, मग घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात, की कोणाचा राहून जायला नको. साडेआठला स्वयंपाकाची स्पर्धा. एवढ्या मोठ्या ताटात मधोमध लिंबाएवढी भाजी, बाजूला हिरवा ठिपका. परीक्षक चमच्याच्या टोकानं चाखतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "यात मला तुझं बालपण दिसलं." चाचा यावर एकदा भिंतीपलीकडून ओरडले होते, "अबे, पोटभर जेव तं खरं! बालपण कायले पाह्यतं तिचं?"

तेवढ्यापुरतं मला ते आवडले होते.

तर आम्ही ग्रामसभेत ठराव आणला. संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, घराघरातले टीव्ही बंद होतील आणि नऊपर्यंत पोरं अभ्यास करतील. पत्रक माझंच होतं : "टीव्ही तुमचा, पण दहावीची पोरं कोणाची?" सगळ्यांनी हात वर केले. ज्यांच्या घरी दोन-दोन टीव्ही, त्यांनी दोन्ही हात वर केले. फक्त चाचा उठून म्हणाले, "लीडर, माह्या घरी शिकणारं पोट्टं नाई. मले सोडा."

"चाचा, एक घर चालू राहिलं की सगळं गाव तिथं येऊन बसतं. नियम म्हणजे नियम."

"मंग नियमाले सांग, सातच्या आधी लाव म्हणा मालिका."

सभा हसली आणि ठराव मंजूर झाला. चाचांना सूट मिळाली नाही. ती मिळू नये म्हणून मीच सगळ्यात मोठ्यानं बोलले.

पहिल्या संध्याकाळी भोंगा वाजला आणि गल्ली अशी शांत झाली की रस्त्यानं जाणाऱ्या बकरीचं चघळणं ऐकू यावं. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात भिंतीपलीकडून मालिकेतल्या शाळेची घंटा वाजली. ठाण ठाण ठाण! मी बाहेर आले तर गल्लीतली निम्मी पोट्टी वह्या घेऊन चाचांच्या ओट्यावर. वह्या बुडाखाली होत्या. समोरच्या काकू दारातून म्हणाल्या, "चाचाले चालते तं आमाले काऊन नाई वो?" आणि आत जाऊन त्यांनी टीव्ही लावला. मग त्यांच्या शेजारचा लागला. ठराव मंजूर व्हायला तीन आठवडे गेले होते. मोडायला एक जाहिरात पुरली.

मी तशीच चाचांच्या घरात शिरले. मनात भाषण तयार होतं. सामाजिक बांधिलकी वगैरे. पण चाचा टीव्हीसमोर नव्हतेच. रिकाम्या खोलीत टीव्ही एकटाच शाळा भरवून बसला होता. मी म्हटलं, भाषण वाया गेलं तर गेलं, आणि बटण दाबून तो बंद केला. ओट्यावरची पोट्टी माझा अवतार बघून पळाली.

"लाइट गेली का जी?" आतल्या खोलीतून खाला म्हणाल्या.

खाला म्हणजे चाचांच्या बायको. शुगरनं त्यांची नजर गेल्याचं मला ठाऊक होतं. शेजारच्या घरातलं जेवढं ठाऊक असतं, तेवढंच. आतल्या दारातून बघितलं तर खाला खाटेवर बसलेल्या आणि चाचा समोर स्टुलावर, मांडीवर ताट, बोटांत कुस्करलेल्या भाकरीचा घास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडतील. ते खालांना म्हणाले, "नाई वो, जाहिरात लागली. जेव तू."

"जाहिरात एवढी चूप असते काय?"

"गुंग्याची जाहिरात हाये."

मग ताट घेऊनच माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "लीडर, सात वाजता शुगरची सुई देतो तिले. सुईवर जेवलं नाई तं घाम फुटते, हातपाय थंडे पडतात. अन् ते जेवत नाई. म्हणते, दिसत नाई तं भूकच नाई. टीव्ही चालू असला का ऐकता ऐकता एकेक घास खाते, नऊ वाजेपर्यंत. पण तिथं कोणी रडलं, कोणी हारलं, का तोंड बंद. मंग मी काय करू?"

 

टीव्ही पुन्हा लावावा म्हणून वळले, तर खालांनीच विचारलं, "कोण आलं?"

चाचा एक क्षण गडबडले. मग ठासून म्हणाले, "स्पर्धेत नवीन पोरगी आली. सोनाळ्याची."

"शाळा चालू होती ना आता?"

"शाळेतच स्पर्धा हाये आज. स्नेहसंमेलन."

"काय करून राह्यली ते?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. तुरीच्या शेतात वाट चुकलेल्या माणसासारखं बघितलं. मला चहापलीकडे काही येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी म्हटलं, "पिठलं."

"पिठलं!" खाला हसल्या. "बाप्पा, पिठल्यावर कोणी जिकते काय? फोडणीत काय टाकलं?"

"मोहरी... जिरं... हळद."

"लसूण?"

"टाकते."

"कधी टाकते, पिठलं झाल्यावर? आधी टाक!" आणि बोलता बोलता उघडलेल्या तोंडात चाचांनी घास घातला. मी तोंडानंच बेसन कालवलं, खालांनी गुठळ्या मोडायला लावल्या, तोवर दुसरा घास गेला, तिसरा गेला. माझं पिठलं एकदा खाली लागलं, त्याचे खालांनी मार्क कापले. ताट रिकामं झालं. चाचा कपाळ पुसत पाणी आणायला मागे गेले.

खालांनी हवेत हात फिरवून माझं मनगट धरलं. "लीडरच हायेस ना तू? रोज ऐकतो तुही घोषणा."

"हो खाला."

"हे आवाज बंद करतात तवाच समजते मले, पोरगी हारली." त्यांनी माझं मनगट दाबलं. "पण त्याईले सांगू नको. लय मेहनत करतात."

मागे रांजणावरचं झाकण वाजलं. खालांनी ओढणीनं तोंड पुसलं, नीट सरसावून बसल्या आणि मागच्या खोलीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "मंग? जिकली का नाई सोनाळ्याची?"