मधूदाचा एकच प्रश्न

आमच्या कळंबचा मधूदा पंप दुरुस्त करायला आला की जाताना एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात माझी चप्पल घालून जातो. पंप मात्र झकास चालतो. बोलावलं की "ह्यो आलो" म्हणतो. पण वाटेत कुणाची मोटारसायकल बंद पडलेली दिसली, की आमची टाकी कोरडीच.

त्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, यावर त्याच्या लहानपणीच निदान करून ठेवलं होतं: आळस. ओसरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मधूदाने चाळिशी ओलांडली, तरी निदान बदललं नाही.

खरं निदान पनवेलच्या डॉक्टरबाईंनी केलं. याला एडीएचडी आहे म्हणाल्या. लक्ष एका जागी ठरत नाही, मेंदूची घडणच तशी. तिथवर पोचायलासुद्धा वहिनीला त्याला दंडाला धरून न्यावं लागलं. त्याआधी एकटा निघाला होता, तेव्हा वाटेत चौक गावात कुणाचा तरी ट्रॅक्टर दुरुस्त केला, त्यांच्याकडेच जेवला आणि खुशीत घरी परतला. डॉक्टरकडे जायचं होतं, हे वहिनीने विचारल्यावर आठवलं.

म्हणून बाईंनी पुढच्या भेटी व्हिडिओवर ठेवल्या आणि सगळ्यांनी हुश्श केलं. फक्त मधूदा बोलताना चालतो. पहिल्या वेळी बाईंना कौलं, कोंबड्या आणि आबांचं धोतर दिसलं, पेशंट काही दिसला नाही. तेव्हापासून मोबाईल धरायचं काम माझ्याकडे आलं. गोळी, झोप, भूक, सगळं त्या विचारतात. हल्ली हातातलं काम तो बहुतेक वेळा पुरं करतो. मलाच बघून बरं वाटतं.

पण दर वेळी शेवटी त्याचा एकच प्रश्न, "बाई, ह्यो आळस नाय ना?"

बाई न कंटाळता सांगतात, "नाही हो, आळस नाही."

एकदा मी वैतागलो. "मधूदा, किती वेळा तेच? विसरतोस का?"

"नाय रं," तो हळूच म्हणाला. "माज्या ध्यानात हाय. आबांच्या कानावर जावं म्हनून विचारतो."

घरात खोल्या असताना तो ओसरीवरूनच का बोलतो आणि आवाज मोठा का ठेवायला लावतो, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

परवा त्याने पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा सांगितलं. मी फोन बंद करणार, तोच आबांनी हात पुढे केला. "दे इकडं." त्यांनी मोबाईल थेट कानाला लावला. बाईंना नुसता कान दिसत असणार.

"बाई," आबा म्हणाले, "पोरगं आळशी नाय, ह्ये आता कळलं मला. पन त्यापायी मी त्याला लय मारलंय. त्या मारावर काय गोळी हाय का?"

येरझाऱ्या घालणारा मधूदा थांबला, आबांना खेटून बसला आणि त्यांचा हात धरून त्याने मोबाईल खाली घेतला.

"असा समोर धरा आबा," तो म्हणाला. "बाईंना तुमी दिसाया पायजे."