पंच्याऐंशीच्या आत

"उद्यापासून बाबा गाडीत बसणार नाहीत," असं मास्तरांनी बायकोला सांगितलं तेव्हा बाबा पलीकडच्या खोलीत बूट चढवत होते. एरवी दारावरची घंटा न ऐकणाऱ्या त्यांच्या कानांनी हे वाक्य मात्र बरोबर टिपलं.

"का म्हणून?" बाबांनी, त्यांच्या मते, अगदी हळू विचारलं. समोरच्या घरातली शेजारीण खिडकीत आली.

"डॉक्टर काय म्हणाले? उरलंसुरलं ऐकू येणं टिकवायचं तर पंच्याऐंशी डेसिबलच्या वर आवाज नको. तुमची गाडी अठ्ठ्याण्णव आहे. मी फोनवर मोजलंय." मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरीही तास संपू द्यायचे नाहीत.

गाडी खरं तर सुनेची. जाड टायरांची, दारं नसलेली, लोखंडी नळ्यांचा पिंजरा, पुढे शेजारी-शेजारी दोघांना बसायला जागा, इंजिन थेट पाठीला आणि मागे सामानाचा हौदा. सुनेची रोपवाटिका डोंगरावर होती. रोज सकाळी ती आणि सासरे रोपं लादून वर जायचे. बाबांच्या दिवसात जायच्या लायकीची तेवढी एकच जागा उरली होती.

"डॉक्टरांनी कानांवर लावायची टोपणं दिलीत, ती लावा मग," मास्तर म्हणाले.

"टोपणं डब्यांना लावतात," बाबा म्हणाले. "तीस वर्षं खाणीत मुकादम होतो. खडी फोडायच्या यंत्राशेजारी उभा राहून माणसं हाकलीत."

"म्हणून तर ही वेळ आली."

सून इतका वेळ रोपांच्या पिशव्या मोजत होती. "रविवारपर्यंत गाडी पंच्याऐंशीच्या आत आणते," ती म्हणाली. "आणली तर बाबा येणार. पुन्हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही आणलीस तर?"

"तर बसतील घरी. पण आणणार."

पहिल्या दिवशी दोघांनी जुनी गादी दुमडून इंजिन आणि पाठीच्या मधे कोंबली. अर्ध्या चढावर बाबांनी नाक वर केलं. "कापूस जळतोय." रोपांसाठी आणलेलं पाणी गादीनं प्यायलं.

दुसऱ्या दिवशी सुनेनं दिसेल त्या फटीत आणि भोकात फोम भरला. गाडी दोनदा खोकली आणि चढावरच बसली. मेकॅनिक येऊन खाली वाकला आणि एका नळीतून फोमचा बोळा ओढून काढला.

"ताई, हे गाडीचं नाक आहे."

"पण गप्प झाली होती," बाबा म्हणाले.

मेकॅनिकनं इंजिन चालू केलं आणि पाठीमागच्या पत्र्यावर हात ठेवला. "इंजिनापेक्षा हा पत्रा जास्त ओरडतोय. वरचं छप्पर तोच आवाज परत तुमच्या डोक्यावर टाकतंय. थरथर थांबवा, आवाज आपोआप बसेल."

मग बाबा कामाला लागले. कान गेले असले तरी तळहात शाबूत होते. ते एकेका पत्र्यावर हात ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हा बोलतोय." सून तिथे आतून जड रबराची चिकटपट्टी दाबून बसवायची, इंजिनाच्या बाजूला उष्णता सोसणारं अस्तर लावायची, बोल्टखाली रबरी चकत्या सरकवायची. छप्पर उतरवलं. शनिवारी ती एकटीच एक फेरी मारून आली आणि तिनं सासऱ्यांचा हात दाबला. वाटेत तिला पाखरं ऐकू आली होती.

रविवारी मास्तर हौद्यात गुडघे टेकून बसले. एका हातानं पिंजरा धरला, दुसऱ्या हातानं फोन बाबांच्या कानाशी. गाडी चढाला लागली. बाबा खुशीत होते. डाव्या हाताचा ओढा, उजवीकडचा सुटलेला दगड, मेकॅनिकची अक्कल, सगळ्यांवर त्यांचं बोलणं चालू होतं.

"एक्क्याण्णव," मास्तर म्हणाले. "संपला विषय."

सुनेनं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"शक्य नाही," बाबा म्हणाले. "तुझ्या फोनमधेच खोट आहे. परत मोज."

मास्तर फोनकडे बघत राहिले. इंजिन बंद होतं आणि आकडा त्र्याण्णव होता.

"बाबा, जरा थांबा." बाबा थांबले. आकडा चाळीसवर आला. सुनेनं गाडी सुरू करून तोच चढ पुन्हा घेतला. ब्याऐंशी.

"गाडी पास आहे," मास्तर जड जिभेनं म्हणाले. "नापास तुम्ही आहात. गाडीत बसायचं तर गप्प बसायचं."

"गप्प बसायचं असतं तर घरीच बसलो असतो," बाबा म्हणाले. फोननं चौऱ्याण्णव दाखवलं.

सून पुढे बघून गाडी चालवत राहिली. खांदे तेवढे हलत होते. पण मास्तर शास्त्राचे माणूस. बाबा बोलत असतानाच त्यांनी फोन सावकाश बायकोच्या कानाकडे नेला आणि आकडा वाचला: अठ्ठ्याऐंशी.

सोमवारी सकाळी त्यांनी ती टोपणं स्वतः पुसून बायकोच्या कानांवर चढवली. बाबा ऐटीत शेजारी बसले. पहिल्या वळणावर त्यांचं लक्ष गेलं.

"अगं, एवढं घट्ट लावलंयस, ऐकू येतंय ना?"

तिनं मान डोलावली. बाबांचा विश्वास बसला नाही. तिला त्रास नको म्हणून त्यांनी आवाज थोडा वाढवला.