पाम तेलाचा निरोप समारंभ

कोणत्याही संस्थेत आत यायला एक दार पुरते; बाहेर पडायला मात्र फाइल लागते. माणूस ओळखीने, चुकून किंवा नुसता रांगेत उभा राहिल्यानेही नोकरीला लागतो, पण त्याला घरी पाठवायचे तर नियम, पोटनियम आणि दोन साक्षीदार हवेत. संस्थेचे मोठेपण ती किती रीतसर काढून टाकते यावरून ओळखावे. या दृष्टीने शहराच्या टोकाला असलेला तो चॉकलेटचा कारखाना फार मोठा होता.

या कारखान्याच्या चॉकलेटमध्ये पाम तेल होते. गेली एकोणीस वर्षे होते, आणि वेष्टणाच्या मागे, चिकटवलेला जोड येतो तिथे, बारीक अक्षरांत तसे छापलेलेही होते. मग एका गिऱ्हाइकाला नवा चष्मा लागला. (असा कारखान्याचा अंदाज आहे.) त्याने ते वाचले, चार जणांना सांगितले आणि बघता बघता तक्रारींचा ढीग लागला. तक्रार विभागाने त्यांची प्रतवारी केली: तब्येतीची काळजी असलेले, जंगलांची काळजी असलेले, आणि शेजाऱ्याने केली म्हणून आपणही केलेले. शेवटचा गट सर्वांत मोठा होता आणि त्याची भाषा सर्वांत कडक होती. मोठ्या साहेबांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि शेरा मारला, 'काढून टाकावे.'

पण काढायचे कोणी? मिश्रण विभाग म्हणाला, आमचे काम घालण्याचे आहे. भांडार विभाग म्हणाला, आम्ही फक्त मोजतो. अख्ख्या कारखान्यात 'काढून टाकणे' हे काम एकाच टेबलाकडे होते, ते म्हणजे कार्मिक अधिकाऱ्यांकडे. त्यांना सगळे कलमकाका म्हणत, कारण चहात साखर कमी पडली हेसुद्धा ते कलमाचा आधार देऊन सांगत.

कलमकाका सरळमार्गी माणूस. एवढ्या नोकरीत त्यांनी कुणाला नोटिशीशिवाय काढले नव्हते आणि समारंभाशिवाय निवृत्त केले नव्हते. निरोप समारंभ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. भाषण त्यांचेच, दरवेळी तेच ('आज एक आधारस्तंभ आपल्याला सोडून जात आहे'), आणि भेट म्हणून भिंतीवरचे घड्याळ. कधीकाळी घाऊक घेतलेल्या घड्याळांपैकी कपाटात आता एकच उरले होते, आणि आठ महिन्यांनी कलमकाका स्वतः निवृत्त होणार होते. दुपारी आसपास कुणी नसले की ते कपाट उघडून ते घड्याळ पुसून ठेवत. साहेब त्या दिवशी काय बोलतील, याचा मसुदाही त्यांनी साहेबांच्या वतीने तयार ठेवला होता.

तर फाइल त्यांच्याकडे आली. नियमपुस्तकात घटक काढण्याची तरतूद नव्हती, कर्मचारी काढण्याची होती. कलमकाकांनी पाम तेलाच्या नावाने सेवापुस्तक उघडले आणि मागच्या नोंदी उतरवताना त्यांना भरून आले. इतकी वर्षे सलग हजेरी. रजा नाही, उचल नाही, पगारवाढीचा अर्ज नाही. (थंडीत ते जरा घट्ट व्हायचे, पण तसा हिशेब विभाग बारा महिने असतो.) तरी नियम तो नियम. पिंपावर कारणे दाखवा नोटीस चिकटवण्यात आली. मुदतीत खुलासा आला नाही. तेव्हा खातेनिहाय चौकशी लावून पिंपाला ढकलगाडीवरून सुनावणीला हजर करण्यात आले.

यंत्रावरच्या बाईंची साक्ष झाली.

"उन्हाळ्यात चॉकलेट पाघळत नाही ते याच्यामुळे," त्या म्हणाल्या. "आणि इतक्या वर्षांत मला एकदाही उलटून बोललं नाही. आमच्या सुपरवायझरचं तसं सांगता येत नाही."

"सुपरवायझर नोंदीतून वगळा," कलमकाका लेखनिकाला म्हणाले.

निष्कर्ष निघाला: गैरवर्तन सिद्ध होत नाही, सबब सन्मानपूर्वक निवृत्ती देण्यात यावी. सन्मानपूर्वक म्हणजे समारंभ आला, आणि समारंभ म्हणजे घड्याळ आले. कलमकाका त्या ओळीवर बराच वेळ पेन धरून बसले. मग त्यांनी सही केली.

घरी त्यांनी बायकोला सांगितले.

"घड्याळ तेलाला?" ती म्हणाली. "बरं, पण तेल काढतायत ना? मग झालं. मीपण तक्रार टाकली होती."

"तू?"

"शेजारच्या वहिनींनी टाकली, मग मी कशी मागे राहणार? आणि चांगल्यासाठीच की."

"मला नुसतं सांगायचंस."

"तुम्हाला सांगून या घरातून कधी काही निघालंय? माळ्यावरचा मोडका पंखा अजून तिथेच आहे." मग तिला जरा वाईट वाटले. "अहो, आठ महिने आहेत अजून. मी घेऊन देईन तुम्हाला घड्याळ."

"ते समारंभात मिळायला लागतं," कलमकाका म्हणाले.

समारंभ दृष्ट लागण्यासारखा झाला. पिंप पुसून व्यासपीठावर मधोमध ठेवले होते. पुष्पगुच्छ झाकणावर, घड्याळ दोरीने पोटाला. कलमकाका भाषणात दोनदा थांबले आणि लोकांना ते तेलासाठी वाटले. सत्काराला उत्तर देण्यासाठी पिंपाला रीतसर पाच मिनिटे देण्यात आली, ती सर्वांनी शांतपणे ऐकून घेतली. मग चहा झाला.

आता तेलाच्या जागी कोकोचे लोणी आले. ते महाग. भाव वाढवावा तर भावाच्या तक्रारींचा जुना गठ्ठा पाम तेलाच्या गठ्ठ्याहून जाड, तो साहेबांना तोलताही आला नव्हता. तेव्हा साहेबांनी नेमलेल्या समितीने असा विचार केला की, जे काढले तर चॉकलेटची चव बदलत नाही असे कारखान्यात काय आहे? त्यांनी दोन बार खाऊन पाहिले. त्यात कार्मिक विभागाची चव कुठेच लागली नाही.

कलमकाकांना केबिनमध्ये बोलावण्यात आले.

"उद्यापासून यायचं नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही आणि विभागातले बारा जण."

"नोटीस?"

"नोटीस कार्मिक अधिकारी काढतो. ते पद आज सकाळीच रद्द केलंय. मग काढणार कोण?"

कलमकाकांना यात एकही चूक सापडली नाही. उलट मसुदा चांगला आहे, असे त्यांच्या मनात येऊन गेले. त्यांनी एवढेच विचारले, "आणि समारंभ?"

"तो दरवेळी तुम्हीच करता ना?" साहेब खरोखरच अडचणीत पडून म्हणाले.

टेबल आवरून कलमकाका फाटकाकडे निघाले. वाटेत बिस्किट विभाग लागतो. दार उघडे होते आणि आत पाम तेलाचे पिंप उभे होते, पोटाला घड्याळ, आणि ते वेळ अगदी बरोबर दाखवत होते. अनुभवी निवृत्तांना सल्लागार म्हणून परत घेण्याची सोय नियमपुस्तकात आहे. ते कलम कलमकाकांनीच घातले होते. (बिस्किटांचे वेष्टण अजून कुणी वाचलेले नाही.) त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कर्मचाऱ्याचा हेवा वाटला.

घरी बायकोने सगळे ऐकले. ती आधी रडली, मग तिने नव्या चॉकलेटचे वेष्टण उलटे करून तक्रारीचा नंबर शोधला आणि फोन लावला.

"तुम्ही कमी केलंत त्याबद्दल तक्रार आहे," ती म्हणाली.

"कोणत्या घटकाबद्दल, मॅडम?" पलीकडून एका मुलीने अदबीने विचारले.

"माझ्या नवऱ्याबद्दल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "यादीत दिसत नाहीत, मॅडम. आधी छापलेले होते का?"

नव्हते. त्यामुळे ती तक्रार नोंदवता आली नाही. वर्षअखेरीच्या अहवालात गिऱ्हाइकांचे समाधान पूर्ण असल्याचे म्हटले आहे: पाम तेल काढल्याबद्दल आभाराची पोतेभर पत्रे, आणि तेरा माणसे काढल्याबद्दल एकही तक्रार नाही. तुमचेही पत्र त्या पोत्यात आहे. छान लिहिले आहे. तुम्ही वेष्टण शेवटच्या अक्षरापर्यंत नीट वाचले होते, तेव्हा तुमच्याकडे बोट दाखवायला कुणालाही जागा नाही.