अवधूतची घडीची भिंत

माणूस जिथून काम करतो तो त्याचा मुलूख आणि जिथून आईला दिसतो ते त्याचे घर, ही घराची सुधारित व्याख्या आता मान्य करायला हरकत नसावी. २००७ साली इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला टेबले कमी पडू लागली, तेव्हा तिने मोठ्या मनाने जाहीर केले, की कर्मचाऱ्यांनी कुठूनही काम करावे. या मोठेपणाचा लाभ घेणारा एकच निघाला. अवधूत, मूळचा नागपूरचा, वय बत्तीस. त्याने फ्लॅट सोडला, लॅपटॉप आणि कुकर पाठीवर टाकला, टपालासाठी लंडनच्या पिनर उपनगरातल्या चंद्रशेखर या मित्राचा पत्ता दिला आणि तो मोकळा झाला.

मोकळेपणाचा पहिला मुक्काम रटलंड. इंग्लंडातला चिमुकला परगणा. सकाळी निघालेला माणूस चुकून दुपारी परगण्याबाहेर पडतो. तिथे कुठूनही काम करता येते हे सिद्ध झाले. फक्त त्या कुठूनहीला सिग्नल लागतो, आणि तो दोन जागी होता: सुपरमार्केटचा कॅफे आणि मेंढ्यांच्या कुरणाचे फाटक. पहिल्या तिमाहीत एक्केचाळीस टक्के काम कॅफेत झाले, चौतीस टक्के फाटकावर. उरलेला वेळ सिग्नल शोधण्यात गेला. (मेंढ्यांनी कधी मीटिंग लांबवली नाही, हे नमूद केले पाहिजे.)

अडचण एकच होती. वडील वारण्यापूर्वी म्हणाले होते, "पोराचं बस्तान बसलं ना, मग झालं." म्हणून दर रविवारी कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या आईला, सुहासिनीबाईंना, ते बसलेले दिसणे आवश्यक होते. त्यासाठी अवधूतने एक प्रमाणित भिंत तयार केली. पिवळी चादर, गणपतीची तसबीर, चालू घड्याळ आणि मनीप्लांट (प्लास्टिकचा, मुळे धरणाऱ्या वस्तू धोरणात बसत नव्हत्या). भिंत सात मिनिटांत उभी राही. रटलंड, वेल्स, स्कॉटलंड, कुठेही गेले तरी आईला दिसे ते पिनरचे घर.

"मेंढी ओरडली का रे?"

"टीव्ही आहे, आई. शेतीचा कार्यक्रम."

आईच्या मागे नेहमीचा निळा पडदा, त्यावर विणलेले दोन हंस, शेजारी बाबांचा फोटो. कधी तिकडूनही मोर ओरडे, एकदा तर लाटांचा आवाज आला. "शेजाऱ्यांचा टीव्ही," आई म्हणे. नागपुरात शेजारी बदलले असतील, एवढीच नोंद अवधूतने घेतली.

दोन वर्षे असे सुरळीत चालले. मग एका रविवारी आई म्हणाली, "व्हिसा आला. चौदा तारखेला येते. ती पिवळी भिंत एकदा हात लावून बघायची आहे."

अवधूत तडक पिनरला गेला.

"म्हणजे माझ्या घरात तू मालक," चंद्रशेखर म्हणाला. "आणि मी कोण?"

"भाडेकरू. आठच दिवस."

"भाडं वेळेवर देतो का मी?"

"नाही. पण स्वभावाने चांगला आहेस."

चौदा तारखेला पिवळी भिंत पिनरला उभी राहिली आणि सुहासिनीबाई आल्या. भाडेकरूने चहा केला. बाईंनी कप घेतला नाही. त्या आधी पिवळ्या भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावरून तळहात फिरवला. भिंत हलली.

"चादर आहे होय," त्या म्हणाल्या.

अवधूत पाठ केलेली तीन स्पष्टीकरणे एकदम विसरला. "आई, बाबांना वाटायचं, म्हणून..." एवढेच निघाले.

बाईंनी बॅग उघडली. वरच निळा पडदा होता, घडीतून हंसाची मान डोकावत होती. "टाचण्या उरल्यात का रे?"

"हा आपल्या हॉलमधला ना?"

"हॉल दिला भाड्याने, दोन वर्षं झाली. तुझे बाबा गेले आणि त्या घरात दुपारी फार लांबायला लागल्या, बाप्पा. मग चार महिने अमरावतीला तुझ्या मंजिरीमावशीकडे, मग गुहागरला शशीमामाकडे. समुद्र ऐकलास की तू."

"सांगितलं का नाहीस?"

"तू सगळं टाकून धावत आला असतास. तुझं बस्तान मोडलं असतं." त्यांनी चादरीकडे पाहिले. "आणि तुझा तो शेतीचा कार्यक्रम. दोन वर्षं एकच मेंढी?"

पडदा चादरीशेजारी लागला. भाडेकरूने खुर्ची धरली. पुढच्या रविवारी मंजिरीमावशीचा फोन आला, तेव्हा मायलेक दोन्ही घरांच्या मधोमध बसले आणि एका आवाजात म्हणाले, "इकडे सगळं ठीक आहे."

या व्यवस्थेला हसण्याचा वाचकांचा अधिकार अबाधित आहे. तो बजावून झाला, की येत्या रविवारी त्यांनीही घरच्यांना सगळं ठीक असल्याचे कळवावेच. तत्पूर्वी एकदा मागे वळून, आपल्या चादरीचा कोपरा सुटलेला नाही ना, तेवढे बघून घ्यावे.